पाणी मोजणारें यंत्र कोणाच्या हुकुमानें थांबतें ?

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या भागांतील सहकारी पाणीपुरवठा संस्थांच्या पंपघरांतून एक लहानसें यंत्र दिसूं लागलें आहे. भिंतीवर लावलेली वीतभर पेटी, तिच्या तोंडावर चमकणारे आंकडे आणि चार-पांच कळा, एवढाच त्याचा संसार. नळावर बसविलेल्या मीटरकडून येणारे ठोके तें मोजतें, आणि ठरवून दिलेलें माप पुरें झालें म्हणजे पंप बंद करतें. विकणारे त्यास ‘बॅच कंट्रोलर’ म्हणतात. आमच्या गांवीं त्यास ‘मापाची पेटी’ असें नांव पडलें आहे, व तेंच आम्ही येथें वापरतों.

ही पेटी घ्यावी कीं न घ्यावी, हा वाद आम्हांस घालावयाचा नाहीं. पाणी मोजून घ्यावें व मोजून द्यावें, या मताचे आम्ही पूर्वींपासून आहों. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, किती लिटर मोजावयाचे हें पेटीस आपण सर्वच सांगतों; परंतु मोजणेंच बंद पडलें तर काय करावयाचें, हें तिला कोणी व काय सांगून ठेविलें आहे याची चौकशी आपल्यापैकीं कोणीच करीत नाहीं. ती न केल्याचें फळ आमच्या संस्थेनें गेल्या चैत्रांत भोगलें. तें येथें मोकळेपणानें सांगणें आम्हांस अवश्य वाटतें, कारण त्यांत दोष आमचाही आहे.

प्रथम पेटीची रचना पाहूं. तिच्यांत दोन निरनिराळीं कामें चालतात. पहिलें मोजण्याचें. मीटरमधून ठराविक पाणी गेलें कीं एक ठोका येतो; आमचा मीटर दर १०० लिटरांस एक ठोका देतो. दुसरें काम हुकूम देण्याचें, आणि तें रिलेमार्फत होतें. रिले म्हणजे लहान विजेनें हालणारी मोठ्या विजेची कळ. पूर्वीं लांबच्या मजलेवर टप्प्याटप्प्यास ताजे घोडे बदलीत, त्यास इंग्रजींत रिले म्हणत. पुढें तारायंत्राच्या काळांत, दुर्बळ झालेला संदेश ताज्या विजेच्या स्वाधीन करणाऱ्या उपकरणास तेंच नांव मिळालें. पेटींतील क्षीण प्रवाह १० अश्वशक्तीची मोटर चालवूं शकत नाहीं. तो रिलेची कळ ओढतो, रिले स्टार्टरमधील काँटॅक्टरास हुकूम देतो, आणि काँटॅक्टर मोटर चालवितो.

आमच्या पेटींत असे तीन रिले आहेत. पहिला पंप चालवितो. दुसरा मोठा व्हॉल्व्ह उघडा ठेवतो. माप पुरें होण्यास ५०० लिटर उरले म्हणजे तो व्हॉल्व्ह बंद होतो आणि उरलेलें पाणी बाजूच्या लहान नळीनें सावकाश जातें. यामुळें शेवटीं पंप थांबतांना लांब नळास धक्का बसत नाहीं, व मापही नेमकें साधतें. तिसरा रिले बिघाडाचा. कांहीं विपरीत घडलें तर भोंगा वाजविणें हें त्याचें काम. कोणत्या रिलेनें केव्हां ओढावें व केव्हां सोडावें, हें पेटीच्या कळा दाबून आंकड्यांनीं भरावें लागतें. यासच प्रोग्रॅमिंग म्हणतात. शब्द मोठा आहे. काम मात्र सकाळीं गड्यांस कामें नेमून देण्यासारखेंच आहे.

आतां घडलेली गोष्ट. पेटी बसविणाऱ्या फिटरनें ‘ठोका न आल्यास किती वेळ वाट पाहावी’ या जागीं ३० सेकंद भरले होते. म्हणजे पंप चालू असून ३० सेकंदांत एकही ठोका आला नाहीं, तर मीटर बिघडला किंवा पाणी तुटलें असें समजून पेटीनें पंप बंद करावा. मोठा व्हॉल्व्ह उघडा असतां आमचा पंप सेकंदास १० लिटर पाणी देतो, म्हणजे दर १० सेकंदांस एक ठोका. तेथें ३० सेकंदांचा हिशेब बरोबर होता, आणि फिटरनें चालवून पाहिलें तेंही तेवढेंच. परंतु शेवटच्या ५०० लिटरांत लहान नळीनें सेकंदास २ लिटरच जातात, म्हणजे ठोका येण्यास ५० सेकंद लागतात. परिणाम असा झाला कीं, प्रत्येक सभासदाचें पाणी शेवटास येऊन अडूं लागलें. पेटी बिघाड समजून पंप बंद करी, भोंगा वाजे, आणि पाटकऱ्यास मळ्यांतून परत येऊन कळ दाबावी लागे. कळ दाबली तरी अर्ध्या मिनिटानें पुन्हां तेंच.

आठ दिवसांनीं पाटकऱ्यानें कंटाळून फिटरास फोन केला. फिटरनें फोनवरूनच सांगितलें, “त्या जागीं शून्य घाला.” पाटकऱ्यानें शून्य घातलें. भोंगा बंद झाला, पाणी सुरळीत झालें, सभासद संतुष्ट झाले. आमच्या पेटींत त्या जागीं शून्य घालणें म्हणजे पहाराच उठविणें, हें पाटकऱ्यास कोणी सांगितलें नाहीं. आणि संस्थेस तर कोणी विचारलेंही नाहीं.

पुढें चैत्रांत एका रात्रीं दहा वाजतां, एका सभासदाच्या अर्ध्या एकरांतील भुईमुगास २०,००० लिटरांचें माप लावून पाटकरी घरीं गेला. घरीं जातां यावें म्हणूनच तर पेटी घेतली होती. काम सुमारें ३५ मिनिटांचें. वीस-एकवीस मिनिटें झालीं असतील, तोंच मीटरची तार उंदरानें कुरतडली. आंकडा १२,४०० वर थांबला तो थांबलाच. पेटीच्या दृष्टीनें माप पुरें झालेलें नव्हतें; म्हणून तिनें पंप बंद केला नाहीं, आणि पुढच्या ठोक्याची वाट पाहत ती रात्रभर बसली. पहांटे पांच वाजतां पाटकरी परत आला, तोंवर सात तासांत सुमारें २,५२,००० लिटर पाणी गेलें होतें. भुईमूग तर बुडालाच. परंतु बांध फोडून पाणी खालच्या खळ्यांत शिरलें, आणि तेथें शेजारच्या कुटुंबानें शिजवून वाळत घातलेली हळद भिजली. वाळतांना हळद भिजली म्हणजे तिचा रंगही जातो व भावही जातो, हें सांगलीच्या बाजारांत माल नेणाऱ्यास सांगावयास नको.

मग पंचाईत सुरू झाली. भुईमुगाचा मालक म्हणाला, “मीं २०,००० लिटरांचे पैसे भरले. पेटी १२,४०० दाखविते. उरलेले ७,६०० लिटर मला द्या.” बोलणें हसण्यासारखें खरें, पण ‘पेटीचा आंकडा प्रमाण मानावा’ असा नियम आम्हींच करून ठेविला आहे! हळदीचा मालक भरपाई मागतो, आणि त्याचें मागणें आम्हांस रास्त वाटतें. कमिटीपुढें ठराव आला तो मात्र असा कीं, पाटकऱ्याचा दोन महिन्यांचा पगार कापावा. तो आम्हीं पुढील सभेपर्यंत तहकूब करविला आहे. त्या सभेपूर्वीं आमचें मत सभासदांच्या वाचण्यांत यावें, हा या लेखाचा हेतु.

आमचें मत असें कीं, पाटकऱ्याचा एक पैसाही कापूं नये. शून्य घालणारा हात त्याचा होता. परंतु कोणता आंकडा योग्य हें ठरविण्याचें काम त्याचें नव्हतें. योग्य आंकडा ३० ही नव्हता व शून्यही नव्हता. सर्वांत मंद प्रवाहांत दोन ठोक्यांमध्यें ५० सेकंद जातात. त्याच्या दुपटीहून थोडे अधिक म्हणजे १२० सेकंद धरावे, एवढाच हा हिशेब. त्या रात्रीं तेथें १२० सेकंद असते, तर तार तुटल्यावर फार तर १,२०० लिटर वाया जाऊन पंप बंद पडला असता व भोंगा वाजला असता. हळद कोरडी राहिली असती. हा एका ओळीचा गुणाकार फिटरनें केला नाहीं, पाटकऱ्याकडून कोणी करवून घेतला नाहीं. आणि आम्ही कमिटीचे सभासद यंत्र पोंचल्याच्या कागदावर सही करून, चहा घेऊन घरीं आलों. भरपाई द्यावयाची ती संस्थेनें द्यावी, व कमिटीच्या सभासदांनीं आपल्या पदरचा वांटा तींत घालावा. आमचा वांटा देण्यास आम्ही तयार आहों.

यावर कोणी म्हणतील, हीं इंजिनियरचीं कामें, यांत शेतकऱ्यानें कां पडावें ? आम्ही उलट विचारतों, उसाच्या वजनकांट्याकडे आपण कसे पाहतों ? कांटा कोणत्या कंपनीचा, आंत काय आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. तरी गाडी वजनास लागण्यापूर्वीं कांटा शून्यावर आहे कीं नाहीं हें प्रत्येक जण मान उंच करून पाहतो. शंका आल्यास दुसऱ्या कांट्यावर गाडी नेतो. कांटा मारला जाऊं नये एवढी दक्षता आपण घेतों, कारण तेथें आपला माल दुसऱ्याच्या हवालीं होत असतो. पंपघरांतील पेटीपाशीं आपणच देणारे व आपणच घेणारे, म्हणून आपले डोळे मिटलेले. परंतु माप चुकलें तर पाणी कोणा एकाचें जातें, आणि तो एक जण आपल्यापैकींच असतो. आंकडा पेटींत भरणें हें काम फिटरचें. तो आंकडा कशासाठीं, आणि बिघाड झाल्यास नुकसान कोणीकडे झुकावें, हें ठरविणें काम सभासदांचें. तें फिटरवर सोंपविणें म्हणजे पाणीवांटपाचा नियमच परक्याच्या हातीं देणें होय.

तेव्हां संस्थांनीं कोणत्या गोष्टी ठराव करून ठरवाव्या, तें सांगतों.

पहिली गोष्ट अशी कीं, हुकूम नसेल तेव्हां पंप बंदच असला पाहिजे. रिलेच्या कळेस दोन बाजू असतात. एक बाजू रिले ओढलेला असतां जुळते, दुसरी तो सुटलेला असतां जुळते. पंपाची तार पहिल्या बाजूसच जोडलेली असावी. म्हणजे पेटीची वीज गेली, फ्यूज उडाला, कीं पेटीच मेली, तरी रिले सुटतो व पंप थांबतो. तार दुसऱ्या बाजूस जोडली तर नेहमींच्या दिवशीं कांहींच फरक दिसणार नाहीं. मात्र पेटी मेल्यावर पंप चालूच राहील. फरक केवळ वाईट दिवशीं दिसतो, आणि म्हणूनच तो आधीं पाहून ठेवावा लागतो. मोटरीचा भार सरळ रिलेवर देऊं नये, हेंही येथेंच सांगतों. अशा रिलेची ताकद बहुधा पांच अँपिअरांच्या आसपास असते, व १० अश्वशक्तीची मोटर चालतांना त्याच्या तिपटीच्या जवळपास प्रवाह घेते. सुरू होतांना तर त्याहून कितीतरी अधिक. त्या भारानें कळेचीं टोकें वितळून एकमेकांस चिकटतात, आणि मग पेटीनें ‘थांब’ म्हटलें तरी पंप थांबत नाहीं. माप संपल्यावरही ठोके येत राहिले तर भोंगा वाजावा, अशी सोय ज्या पेटींत असेल तेथें ती अवश्य चालू करावी.

दुसरी गोष्ट बिघाडाच्या रिलेची. सर्व ठीक असतां तो ओढलेला राहावा, व बिघाड होतांच सुटावा; आणि भोंगा स्वतःच्या बॅटरीवर चालावा. उलट व्यवस्था ठेविली तर पेटी मरते तेव्हां भोंगाही मुका होतो. गांवचा जागल्या रात्रभर हांक देत फिरे, आणि हांक थांबली कीं गांव जागा होई. तोच न्याय येथें लावावा.

तिसरी गोष्ट वीज जाऊन परत आल्यावर काय करावें याची. आपल्याकडे कृषिपंपांस वीज पाळीनें मिळते व मधूनच जाते, म्हणून हा प्रश्न रोजचा आहे. पेटीस तीन प्रकारें शिकवितां येतें : पुन्हां शून्यापासून मोजावें, सोडलें तेथून आपोआप पुढें चालावें, किंवा आंकडा लक्षांत ठेवून, माणसानें कळ दाबीपर्यंत थांबावें. पहिला प्रकार सर्वथा त्याज्य आहे, कारण त्यानें एकास दुप्पट पाणी मिळतें व दुसऱ्याची पाळी बुडते. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांत मात्र प्रामाणिक मतभेद होऊं शकतो. पौषांतल्या थंडीत रात्रीं दोन वाजतां वीज आली, तर कळ दाबण्यास कोणी उठून जावें, हें म्हणणें सोपें नाहीं. अंधारांत सापाकिरडांचें भय असतें, हेंही आम्ही जाणतों. तरीही आमचें मत तिसऱ्या प्रकाराकडे आहे. स्टार्टरास ऑटो स्विच लावल्यानें वीज येतांच सर्व पंप एकदम उठतात व ट्रान्सफॉर्मर जळतो, हा अनुभव आपल्यांतील पुष्कळांस आहे. नळ फुटला आहे कीं नाहीं, व्हॉल्व्ह कोणाच्या शेताकडे उघडा आहे, हें माणसानें पाहिल्यावांचून पाणी सुरू होऊं नये. ज्या संस्थेस दुसरा प्रकार सोयीचा वाटेल तिनें तो खुशाल घ्यावा. मात्र तो ठरावानें घ्यावा, फिटरच्या संवयीनें नव्हे.

चौथी गोष्ट, बारकावा कोठें हवा व कोठें नको, हें ओळखण्याची. पाणी देतांना व्हॉल्व्ह मिटण्यास सहा सेकंद लागले, तर सेकंदास १० लिटर या हिशेबानें अधिकांत अधिक ६० लिटर जादा जातील. २०,००० लिटरांत ते शेंकडा पाव-अर्ध्याच्या आंत आहेत. त्यासाठीं भांडूं नये. परंतु हीच पेटी जेव्हां ठिबकाच्या पाण्यांत विद्राव्य खत सोडण्यास लावतात, तेव्हां गोष्ट बदलते. २० लिटर द्रावण सेकंदास अर्धा लिटर वेगानें सोडतांना केवळ दोन सेकंदांचा उशीर झाला, तर एक लिटर, म्हणजे शेंकडा पांच, जादा जातें. तेथें शेवट सावकाश करणारा दुसरा रिले हवाच. आणि दर १०० लिटरांस एक ठोका देणारा मीटर तेथें निरुपयोगी आहे, हें निराळें सांगण्याची गरज नाहीं. पाण्याचा मीटर खतास व खताचा मीटर पाण्यास लावून काटकसर केल्याचें समाधान मानूं नये.

शेवटची गोष्ट नोंदीची व चांचणीची. पेटीस कुलपाचा आंकडा असतो. तो सेक्रेटरीपाशीं बंद पाकिटांत असावा, व पाटकऱ्यास आपलें रोजचें माप लावण्यापुरतीच मोकळीक असावी. भरलेला प्रत्येक आंकडा नोंदवहींत लिहावा. बदल केल्यास तारीख, जुना आंकडा, नवा आंकडा, कारण व दोघांच्या सह्या असाव्या. फोनवरून बदल करूं नये. आणि प्रत्येक पाळीच्या आरंभीं, चार सभासदांच्या देखत, पंप चालू असतांना मीटरची तार मुद्दाम काढावी व घड्याळ लावून बसावें. १२० सेकंदांत पंप थांबला व भोंगा वाजला तर पाळी सुरू करावी; न थांबल्यास आधीं पेटी दुरुस्त करावी. या परीक्षेस खर्च कांहींच नाहीं, वेळ दोन मिनिटांचा. आमच्या संस्थेनें ती एकदां जरी केली असती, तरी शून्याचें गुपित त्याच दिवशीं उघडें पडलें असतें.

कित्येक वृद्ध सभासद म्हणतात कीं, पेटी नव्हती तेव्हां काय अडलें होतें ? पाटकरी पाणी देई, आणि तंटे गांवांत मिटत. या म्हणण्यांत खरें आहे तें आम्ही मान्य करतों. धुळें व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या खोऱ्यांतील फड पद्धतींत बंधाऱ्याचें पाणी गांवकऱ्यांनींच पिढ्यान्‌पिढ्या वांटून घेतलें. परंतु तेथील व्यवस्था टिकली ती पाटकरी देवमाणूस होता म्हणून नव्हे. पाणी कमी पडलें तर कोणते फड भिजवावयाचे व कोणते सोडावयाचे, हें गांव आधींच बसून ठरवी, म्हणून ती टिकली. वाईट वर्षाचा निर्णय चांगल्या दिवशीं करून ठेवणें, हेंच त्या शहाणपणाचें मूळ. पेटीचे रिले भरणें म्हणजे याहून निराळें कांहीं नाहीं.

शिवाय आतां मागें फिरण्याची सोयही राहिलेली नाहीं. २००५ सालीं महाराष्ट्रांत शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतींचें व्यवस्थापन करण्याचा कायदा व जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा असे दोन कायदे झाले, आणि पाणीवापर संस्थांस घनमापनानें पाणी देण्याचें तत्त्व त्यांनीं पुढें आणलें. पाण्यावरील हक्क जेव्हां लिटरांत व घनमीटरांत लिहिला जातो, तेव्हां मोजणारें यंत्र चुकणें म्हणजे हक्कच चुकणें. नळाच्या शेवटास ज्याचें शेत आहे, त्याच्या वांट्यास ही चूक प्रथम येते. आमच्या संस्थेंतही त्या रात्रींच्या अडीच लाख लिटरांपायीं शेवटच्या चार जणांची पाळी दोन दिवस लांबली, व त्यांनीं तक्रारही केली नाहीं. त्यांची नोंद कोणत्याच पेटींत नाहीं, म्हणून ती येथें करतों.

सभासद बंधुभगिनींनो, पुढील सभेस अवश्य या. पाटकऱ्याच्या पगाराचा ठराव फेटाळा, हळदीच्या भरपाईचा ठराव मंजूर करा, आणि त्याच बैठकींत पेटीच्या तिन्ही रिलेंचे हुकूम वहींत लिहवून घ्या. ज्या इतर संस्थांत अशा पेट्या आहेत, त्यांच्या चालकांस आमची विनंती एवढीच कीं, हा अंक खालीं ठेवल्यावर पंपघरांत जावें, मीटरची तार काढावी, आणि पंप किती वेळानें थांबतो तें पाहावें.